गोवर, लस आणि केसपेपरवरील एक ओळ

बालरुग्ण विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर जन्म, आहार, वाढ आणि लसीकरण यांची नोंद करावयाची असते. पहिल्या तीन बाबींविषयी निवासी डॉक्टर आईला काही ना काही विचारतो. चौथ्या बाबीपुढे बहुधा एकच ओळ लिहिली जाते : ‘वयानुसार लसीकरण पूर्ण’. ‘सब टीके लगे हैं?’ असे विचारलेले असते आणि आईने मान हलवलेली असते. कधी दंडावर बी.सी.जी.ची खूण दिसली, तर तेवढ्यावरही ही ओळ लिहिली जाते. एम.डी.च्या शिक्षणकाळात मी स्वतः ती शेकडो वेळा लिहिली आहे. त्यांपैकी एक केसपेपर मला आजही जसाच्या तसा आठवतो. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा मनात दुसरा विषय आला नाही.

१९९७ सालचा मार्च महिना. आपल्या माळव्यात गोवराची साथ थंडी ओसरू लागली की डोके वर काढते आणि उन्हाळा चांगला तापेपर्यंत रेंगाळते. धार-झाबुआकडील मजूर कुटुंबे भगोरियाच्या हाटांसाठी गावी जातात आणि होळीनंतर शहराच्या कडेच्या वीटभट्ट्यांवर परततात. त्यांच्याबरोबर तापही ये-जा करीत असतो. अशाच एका कुटुंबातील अकरा महिन्यांची मुलगी जुलाबांमुळे शुष्क होऊन आमच्या विभागात दाखल झाली. वजन साडेसहा किलो. सलाईन, मग जलसंजीवनी, मग आईचे दूध आणि पातळ खिचडी, या नेहमीच्या क्रमाने ती पाच दिवसांत सुधारली. केसपेपर मी लिहिला होता.

तिच्या शेजारच्या खाटेवर दोन वर्षांचा एक मुलगा होता. ताप, खोकला, नाक गळणे, डोळे लाल. निदान न्यूमोनियाचे होते आणि ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. मुलगी दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या कानांमागे पुरळ उमटले. गालांच्या आतील बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ साली या ठिपक्यांचे वर्णन केले आणि प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी ते पाठ करतो. आदल्या दिवशी टॉर्च घेऊन त्याच्या गालांत कोणी पाहिले नव्हते. आम्ही त्याला तातडीने कोपऱ्यातील वेगळ्या खोलीत हलविले आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात राऊंड पुढे नेला.

गोवराचा रुग्ण पुरळ उमटण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवीत असतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही त्याच्या श्वासातील विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत जिवंत राहू शकतात, हे आम्हांला ठाऊक होते. संसर्ग झाल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर रोग बहुधा टळतो किंवा सौम्य होतो, हेही ठाऊक होते. म्हणजे त्या मुलीसाठी आमच्या हाती पुरते दोन दिवस होते. परंतु केसपेपरवर ‘लसीकरण पूर्ण’ असे लिहिलेले असल्याने तिच्याबाबत विचार करण्याचे कारणच उरले नव्हते.

घरी गेल्यापासून दहाव्या दिवशी आई तिला घेऊन परत आली. अंगभर गडद पुरळ, बसलेला आवाज, मिनिटाला सत्तरच्या वर श्वास, तोंडात इतके व्रण की दूध ओढता येईना. या खेपेस मी कार्ड मागितले. आईने लुगड्याच्या पदराची गाठ सोडून चौपदरी घडी घातलेले पिवळट कार्ड काढून दिले. त्रिगुणी लसीच्या तिन्ही मात्रांच्या तारखा होत्या, पोलिओच्या होत्या. गोवराचा चौकोन कोरा होता. नवव्या महिन्यात ती लसीच्या वारी मुलीला घेऊन गेली होती, पण मुलीला सर्दी असल्याने ‘अगली बार लाना’ असे सांगण्यात आले. नंतर भट्टी बदलली. हे सारे ती कोणतीही तक्रार न करता सांगत होती. पहिल्या खेपेस विचारले असते तर तिने तेव्हाही सांगितले असते.

मुलगी तिसऱ्या रात्री गेली. मृत्यूच्या कारणापुढे ‘गोवर व ब्राँकोन्यूमोनिया’ असे लिहिले गेले. पूर्वीच्या केसपेपरवरील माझ्या ओळीबद्दल मला कोणी जाब विचारला नाही.

‘गोवर काय, सगळ्यांनाच होतो, लहानपणी होऊन गेलेला बरा’ हे वाक्य आपल्या घरांतूनही ऐकू येत असे आणि क्वचित अजूनही येते. त्यामागे अनुभव आहे, कारण सुदृढ, खात्यापित्या घरातील दहा मुलांना गोवर झाला तर दहाही मुले बहुधा बरी होत. इस्पितळातील चित्र निराळे असते. तेथे दाखल होते ते दोन वर्षांच्या आतील, बहुधा कुपोषित, आधीच एखाद्या आजाराने वाकलेले मूल. गोवराने होणारे बहुतेक मृत्यू पुरळामुळे होत नाहीत. ते पुरळाच्या मागून येणाऱ्या उपद्रवांमुळे होतात, आणि त्यांत न्यूमोनियाचा क्रमांक पहिला. गोवराच्या सुमारे वीस मुलांमागे एकाला न्यूमोनिया होतो, असे सधन देशांतील आकडे सांगतात. आमच्या वॉर्डात तो इतका सर्रास दिसे की नसला तर नवल वाटे. काही वेळा गोवराचा विषाणूच फुप्फुसाला ग्रासतो. अधिक वेळा त्याने उघड्या टाकलेल्या श्वासमार्गात न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस जिवाणू शिरतात. स्वरयंत्राला सूज येऊन होणारा क्रूप रात्रीच्या ड्यूटीवरील डॉक्टरांची झोप उडवितो. दहांतील एका मुलाचा कान फुटतो आणि काहींची श्रवणशक्ती कायमची उणावते. जुलाब तर पाठोपाठ येतातच. पुरळ ओसरताना आतड्याचे अस्तर दुखावलेले असते, मूल खात नाही, आणि जे थोडे वजन होते तेही उतरते.

येथे घरगुती उपचारांबद्दल थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे मराठी घरांत शीतलासप्तमी श्रावणात येते, माळव्यातील शेजारी होळीनंतर शीतलामातेला थंड नैवेद्य दाखवितात; तिथी वेगळ्या, श्रद्धा एकच. माता आलेल्या घराच्या दाराशी कडुनिंबाची डहाळी लावतात. मी तिला कधी विरोध केला नाही. ती पाहून शेजारच्या बायका आपली तान्ही मुले घेऊन त्या घरी जात नाहीत, आणि विलगीकरणाची इतकी सोपी पाटी आम्हांला इस्पितळातही लावता आलेली नाही. विरोध करावा लागतो तो मुलाचे अन्न तोडण्याला. फोडणी वर्ज्य म्हणता म्हणता वरणभात, तेल-तूप, अंडे सारेच वर्ज्य होते, आणि ज्या पंधरवड्यात मुलाला दुपटीने खाऊ घालावयाचे त्याच पंधरवड्यात ते उपाशी राहते. आजीबाईंना ‘देवीला नैवेद्य थंडच दाखवा, पण मुलाला तूपभात द्या’ असे सांगितले तर बहुधा पटते.

उपद्रवांपैकी डोळ्यांचा उपद्रव मी वेगळा काढला आहे, कारण त्यावरचा उपाय स्वस्त आणि हमखास आहे. गोवरात शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपतो. आधीच तो तुटपुंजा असेल तर बुबुळावरील पारपटल कोरडे पडते, मऊ होते आणि दोन-तीन दिवसांत फुटूही शकते. गोवरातून वाचलेले पण आंधळे झालेले मूल ज्याने पाहिले आहे, तो अ जीवनसत्त्वाची मात्रा विसरत नाही. १९३२ साली लंडनमध्ये एलिसन यांनी गोवराच्या ६०० मुलांपैकी ३०० मुलांना अ जीवनसत्त्वयुक्त माशाचे तेल दिले. त्या गटात ११ मुले दगावली, तेल न दिलेल्या गटात २६. ही नोंद जवळजवळ अर्धशतक धूळ खात पडली. १९९० साली केपटाऊनच्या हसी आणि क्लाइन यांनी इस्पितळात दाखल झालेल्या १८९ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण १२ मृत्यूंपैकी १० मृत्यू अ जीवनसत्त्व न मिळालेल्या गटातील होते. तेव्हापासूनचा नियम साधा आहे : सहा महिन्यांखालील बाळास ५० हजार एकक, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळास एक लाख, वर्षावरील मुलास दोन लाख, निदान होताच एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, डोळ्यांत कमतरतेची लक्षणे असतील तर दोन ते सहा आठवड्यांनी तिसऱ्यांदा. गोवर सौम्य आहे की तीव्र याची वाट पाहू नये. राष्ट्रीय कार्यक्रमात नवव्या महिन्याच्या लसीबरोबरच अ जीवनसत्त्वाचा पहिला चमचा दिला जातो. म्हणून ज्या मुलाची लस चुकते त्याचा तो चमचाही बहुधा चुकलेला असतो.

गोवरानंतर मूल ‘पुन्हा पुन्हा आजारी पडते’ हे आयांचे निरीक्षण आम्ही पूर्वी अर्धवट ऐकून सोडून देत असू. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ साली दाखवून दिले होते की गोवराच्या काळात क्षयरोगाची त्वचा-चाचणी होकारार्थी असलेल्या मुलांतही ती नकारार्थी येते. दबून राहिलेला क्षय गोवरानंतर उफाळतो, हेही आपल्या गुरुजनांना माहीत होते. त्याचे मर्म मात्र अलीकडे उलगडले. हा विषाणू शरीराच्या स्मरणपेशींनाच लक्ष्य करतो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधील मुलांच्या रक्ताच्या अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, गोवरानंतर इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्ये नाहीशी झालेली आढळली. आधी झालेल्या आजारांतून शरीराने जे कमावले, त्याचा मोठा भाग पुसला जातो आणि मुलाला ते पुन्हा, पुन्हा आजारी पडून, कमवावे लागते. आयांचे म्हणणे खरे होते.

मेंदूचा उपद्रव दोन प्रकारचा. हजारात एखाद्या मुलाला पुरळाच्या सुमारास मेंदूदाह होतो. दुसरा प्रकार सहा-आठ, कधी दहा वर्षांनी येतो. आपल्याच समाजातील एका सुशिक्षित घरातील नऊ वर्षांचा मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आणला गेला. शाळेत गुण घसरत होते, अक्षर बिघडले होते, जेवताना हातातील वाटी अचानक निसटून पडे. घरच्यांना वाटले लक्ष नाही. वडील रागावलेही होते. त्या झटक्यांची लय ठरावीक होती. मेंदूचा आलेख काढला आणि पाठीतील पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासली, तेव्हा निदान पक्के झाले. या रोगाला एस.एस.पी.ई. म्हणतात आणि त्यातून मूल परत येत नाही. मुलाच्या आईला विचारता विचारता आठवले : तो आठ महिन्यांचा असताना नात्यातील एका मुंजीला सगळे गेले होते, तेथे एका पाहुण्या मुलाला ‘सर्दी-ताप’ होता, आणि पंधरवड्यात बाळाला गोवर निघाला होता. चार दिवसांत बरा झाला म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. या बाळाची लस चुकली नव्हती. तिचे वय अजून व्हावयाचे होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या एका अभ्यासानुसार वर्षाच्या आत गोवर झालेल्या सुमारे सहाशे मुलांमागे एकाला पुढे हा रोग होतो. एवढ्या लहान बाळाचे रक्षण त्याच्या भोवतालच्या मोठ्या मुलांनी लस घेतलेली असण्यावर अवलंबून असते. म्हणूनच ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्यात असा आग्रह धरला जातो. एक गोवराचा रुग्ण बारा ते अठरा असंरक्षितांना रोग देऊ शकतो, तेथे ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांनी भागत नाही.

लसीचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. एंडर्स आणि पीबल्स यांनी १९५४ साली बोस्टनजवळच्या एका शाळेतील डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला आणि १९६३ साली अमेरिकेत पहिल्या लसीला परवाना मिळाला. त्याच विषाणूच्या एडमन्स्टन-झाग्रेब नावाच्या वंशापासून पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट लस बनविते. आपल्या देशाच्या कार्यक्रमात ही लस १९८५ साली आली, तीही नवव्या महिन्यात एकदाच. त्याआधी दिली तर आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लसीला निष्प्रभ करतात. फार उशीर केला तर रोग आधी गाठतो. नऊ महिने हा त्यातला तडजोडीचा मुहूर्त. त्या वयात दिलेल्या मात्रेने शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी मुले सुरक्षित होतात. उरलेल्या पंधरांसाठी दुसरी मात्रा हवी, आणि ती आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २०१७ पासून रुबेलासह संयुक्त लसीची मोहीम राज्याराज्यांतून झाली. आता नऊ ते बारा आणि सोळा ते चोवीस महिने अशा दोन मात्रा आहेत. खाजगी बालरोगतज्ज्ञ गालगुंडासह एम.एम.आर. नवव्या व पंधराव्या महिन्यात आणि पुढे चार ते सहा वर्षांच्या दरम्यान देतात. या लसीने स्वमग्नता येते असा दावा १९९८ साली इंग्लंडमधून झाला होता. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला आणि लेखकाचा वैद्यकीय परवाना गेला. तरी हा प्रश्न मला आजही विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा उच्चशिक्षित असतात.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या सुमारे ८८ टक्के मुलांना पहिली मात्रा मिळालेली आढळली. आमच्या विद्यार्थिदशेशी तुलना करता हा आकडा आनंदाचा आहे. परंतु उरलेली मुले देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती वीटभट्टीवर, झोपडपट्टीत, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत एकवटलेली असतात. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरणाची सत्रे विस्कळीत झाली आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत, भिवंडी-मालेगावात साथ उसळली, मुले दगावली. तेव्हा बाधित भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा देण्याचे ठरले. देशातून गोवराच्या उच्चाटनाचे लक्ष्य आधी २०२० होते, मग २०२३ झाले, मग २०२६.

आणि हीच न गाठलेली मुले आपल्या इस्पितळांत आपण होऊन येतात. जुलाब, न्यूमोनिया, अपस्मार, भाजणे, काहीही निमित्त असो. लसीकरणाची कार्यकर्ती ज्या मुलाला तीन वस्त्यांत शोधून थकते, ते आमच्या खाटेवर पाच-पाच दिवस पडून असते आणि लस न घेता घरी जाते. याची कारणे आमच्या बाजूचीच आहेत. ‘सर्दी आहे’, ‘जुलाब आहेत’, ‘अशक्त आहे’ ही लस नाकारण्याची कारणे नव्हेत. कुपोषण तर लस अगत्याने देण्याचे कारण आहे. तीव्र आजारात मूल सावरेपर्यंत थांबावे आणि घरी सोडण्यापूर्वी द्यावी. प्रतिकारशक्तीचा गंभीर ऱ्हास, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टिरॉइड, नुकतेच दिलेले रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन एवढ्याच प्रसंगी विचार करावा लागतो. दुसरी अडचण कुपीची. दहा मात्रांची कुपी एकदा विरघळविली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून सिस्टर म्हणतात, ‘एका मुलासाठी कशी फोडू? लसीच्या वारी येऊ द्या.’ त्यांचा हिशेब मला समजतो. त्यांना हिशेब द्यावा लागतो. पण नऊ मात्रा वाया गेल्या तरी माझ्या मते कुपी फोडावी.

संसर्गाचा दुसरा भाग दवाखान्याच्या बाकड्यांवर घडतो. ताप आणि पुरळ असलेल्या मुलाला तपासण्यासाठी तासभर इतर मुलांत बसवून ठेवले, तर त्या तासाचे हिशेब दोन आठवड्यांनी येतात, आणि तेही दुसऱ्या डॉक्टरकडे. माझ्या बाह्यरुग्ण कक्षात अशा मुलाला मागच्या दाराने थेट आत घेतात, खिडक्या उघड्या ठेवतात आणि जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवितात. खाजगी दवाखान्यातूनही हे कळवावे लागते, हे आपल्या कित्येक सहकाऱ्यांच्या गावी नसते.

कार्ड नसेल तर काय, हा प्रश्न उरतो. मराठीत गोवर, हिंदीत खसरा, गुजराथेत मजुरीला जाऊन आलेल्या आईच्या तोंडी ओरी. नाव विचारून उपयोग होत नाही. मी पूर्वी विचारीत असे : ‘नऊ महिन्यांचा असताना उजव्या दंडावर सुई दिली होती का? त्याच वेळी चमच्याने औषध पाजले होते का?’ चमचा आयांना हमखास आठवतो. अलीकडे पोलिओची सुईही दंडावर देतात, त्यामुळे ही खूण पूर्वीइतकी भरवशाची राहिली नाही. खात्री होत नसेल तर मी लस देतो. एखादी मात्रा जास्त झाली तर मुलाचे नुकसान होत नाही.

आमच्या विभागात आता केसपेपरवर त्या ओळीसाठी जागाच ठेवलेली नाही. तेथे तारखांचे चौकोन आहेत, आणि कार्ड पाहिले की ऐकीव माहिती लिहिली, यावर खूण करावी लागते. बापाच्या मोबाईलवर कार्डाचा फोटो असला तरी चालतो. गोवराचा चौकोन भरलेला नसेल तर डिस्चार्जच्या कागदावर मी सही करीत नाही. निवासी डॉक्टरांना हा माझा हट्ट वाटतो. गेल्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी दुपारी दोन वाजता एका नातेवाइकाला सात किलोमीटरवरच्या वस्तीत कार्ड आणायला पाठवून चिडून माझ्या खोलीत आली होती. संध्याकाळी कार्ड आले. चौकोन कोरा होता. तिने सिस्टरांकडून कुपी फोडून घेतली, आणि त्या कुपीतील मात्रा वाया जाऊ नयेत म्हणून वॉर्डभर फिरून आणखी दोन मुले शोधून काढली.